सतरा नंबरचं झाड

रंगरेज मॅडमना 'साधारण' हा शब्द सहन होत नसे. "पाणी साधारण अर्धा लिटर घातलं," असं कुणी म्हटलं की त्या हातातलं काम खाली ठेवायच्या आणि विचारायच्या, "साधारण म्हणजे किती? तुझ्या आईचं साधारण की माझ्या आईचं?" समोरचा माणूस मोजून पुन्हा पाणी घालेपर्यंत त्या तिथून हलत नसत. जळगावच्या आमच्या संशोधन संस्थेत केळीच्या टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा त्यांच्याकडे होती आणि मी त्यांची साहाय्यक होते. चौदा वर्षं मी त्यांच्या हाताखाली काम केलं. पहिली दोन वर्षं तर मी त्यांना घाबरूनच होते.

त्यांच्या टेबलावरच्या प्रत्येक वस्तूला चिठ्ठी असे. बाटल्यांना असणारच, पण डब्याला, छत्रीला, चष्म्याच्या घरालासुद्धा. डब्यावर त्या दिवसाची तारीख आणि आत काय आहे ते. एकदा मी हसून म्हटलं, "मॅडम, झाकण उघडलं की दिसेलच ना, भेंडी आहे ते." त्या म्हणाल्या, "उघडायच्या आधी माहीत असायला हवं. उघडून बघायची सवय लागली की बाटलीत बुरशी शिरते." त्यांच्या बोलण्यात प्रयोगशाळा आणि घर असं वेगळं नव्हतंच.

त्यांचे वडील धुळ्याला कपडे रंगवायचे. साड्या, ओढण्या, फेटे. आजोबाही तेच करायचे. घराण्याचं नावच त्या कामावरून पडलेलं. त्यामुळे रंगांची जी नावं मॅडमच्या तोंडात होती ती आमच्या कुठल्याच पुस्तकात नव्हती. शेवाळाच्या बाटल्या उजेडाला धरून त्या नोंदवहीत लिहायच्या, 'काल अंगुरी होतं, आज तोतई,' म्हणजे द्राक्षाच्या हिरव्यावरून पोपटी. कांद्याच्या सालीसारखा रंग दिसला की प्याजी. मोगऱ्याच्या कळीसारखा पांढरा म्हणजे मोतिया. अहवाल पाठवायची वेळ आली की बसून सगळं खोडायचं आणि 'फिकट हिरवा', 'गडद हिरवा' असं लिहायचं. खोडताना त्यांचा चेहरा उतरायचा. "दोनच हिरवे आहेत होय गं यांच्याकडे?" त्या मला विचारायच्या.

ज्या शेवाळापासून सगळं सुरू झालं ते त्यांना दीपनगरला सापडलं होतं. त्यांची मोठी बहीण तिथे वीज केंद्राच्या वसाहतीत राहायची. सुट्टीत मॅडम तिच्याकडे गेल्या होत्या. अंगणात पाखरांसाठी ठेवलेली सिमेंटची कुंडी उन्हाने कोरडी पडली होती आणि तिच्या तळाला विटेच्या चुऱ्यासारखी लाल पूड धरली होती. बहीण काथ्याने ती घासून काढणार, तेवढ्यात मॅडमनी तिचा हात धरला. चमच्याने खरवडून, बिस्किटाच्या कागदात बांधून ती पूड त्यांनी जळगावला आणली. पाण्यात टाकली. काही दिवसांनी बाटलीत हिरवी झाक आली. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर बारीक हिरवे गोळे पोहत होते. ती बाटली त्या नव्या माणसाला हमखास दाखवायच्या. "मेलं नव्हतं हे. ऊन पडलं, पाणी आटलं, की हे शेवाळ आपल्या अंगात लाल-केशरी रंग बनवतं आणि त्याच्या आड बसून राहतं. तो बनवायची कृती याच्याकडे लिहिलेली आहे. मी फक्त त्यातलं एक पान मागते."

ते पान त्यांना केळीला द्यायचं होतं. गाजराला, पपईला केशरी करणारं द्रव्य आपल्या पोटात जाऊन अ जीवनसत्त्व होतं. आपल्या केळीत ते नावालाच असतं. शेवाळातला एक जनुक केळीच्या पेशीत बसवायचा, त्या पेशीपासून रोप वाढवायचं आणि मग त्या झाडाच्या केळीचा गर केशरी निघतो का ते बघायचं. सांगायला तीन वाक्यं. करायला अकरा वर्षं लागली.

हे त्यांच्या डोक्यात कुठून आलं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. दुपारची वीज गेली होती, काम थांबलं होतं आणि आम्ही दोघी व्हरांड्यात बसलो होतो. नोकरीच्या सुरुवातीला त्या साक्रीला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायच्या. हिवाळ्यात प्रात्यक्षिकं संपेपर्यंत दिवस मावळायचा. अकरावीत सुमन नावाची एक मुलगी होती, डोंगराकडच्या गावातली, आकृत्या फार सुरेख काढायची. एका संध्याकाळी तिच्या हातून लाल रंगाची बाटली मॅडमच्या अंगावर सांडली. नवा ड्रेस होता. मॅडम ओरडल्या, "डोळे फुटले का तुझे?"

पोरगी खाली बघून म्हणाली, "संध्याकायले माले दिखस नही, मॅडम."

दुसऱ्या दिवशी मॅडम तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरांनी रातांधळेपणा सांगितला, अ जीवनसत्त्वाचे डोस दिले. थोड्याच दिवसांत तिला संध्याकाळचं दिसायला लागलं. मॅडमना वाटलं, झालं, आपण केलेलं पाप फिटलं. मग ती मुलगी त्यांच्याजवळ येऊन म्हणाली, "मॅडम, आमना गावमा गंज पोरेसले हाईच शे. त्या बठ्ठासले आठे आनशात का?"

"गावातल्या पुष्कळ पोरांना हेच आहे, त्या सगळ्यांना इथे आणाल का, म्हणून विचारत होती. मी काय उत्तर दिलं माहितीये?" मॅडमनी मला विचारलं. "मी म्हटलं, बघू. नंतर माझी बदली झाली. ती कुठे गेली मला माहीत नाही." मग म्हणाल्या, "गोळी गावात पोचत नाही गं. पण साक्रीच्या बाजाराच्या दिवशी केळी पोचते. कुठल्याही वाडीवर पोचते. पोरं आपण होऊन खातात." वीज आली. त्या उठून आत गेल्या आणि पुन्हा कधी सुमनचं नाव त्यांनी काढलं नाही.

अकरा वर्षांत किती बाटल्या फेकल्या त्याचा हिशोब मॅडमकडेच होता. बुरशी लागायची, पेशी काळ्या पडायच्या, रोप व्हायचं पण त्यात जनुक बसलेलाच नसायचा. अशा वेळी त्या चिडत नसत. फक्त त्या दिवशी डबा खात नसत. मग एका वर्षी बावीस रोपं हाती लागली. दुहेरी दाराच्या बंद जाळीघरात ती लावली. आत जाताना चप्पल बदलायची, बाहेर येताना हातपाय धुवायचे, पान जरी गळून पडलं तरी ते मोजून, जाळून टाकायचं. असे नियम होते आणि मॅडम ते नमाजासारखे पाळायच्या.

बावीसपैकी सतरा नंबरचं झाड सगळ्यांत आधी निसवलं, त्याला केळफूल आलं. घड भरला, उतरवला, पिकवला. पहिली केळी मॅडमनी स्वतः सोलली. बाहेरून नेहमीसारखीच पिवळी. सुरी मधोमध फिरवून त्यांनी दोन फोडी बशीत उघड्या ठेवल्या. आतला गर पिकलेल्या पपईच्या अलीकडचा, उबदार केशरी होता. मॅडमनी बशी उचलून उजेडाला धरली. मी म्हटलं, "मॅडम, या रंगाला काय म्हणायचं?" त्यांना नाव सापडेना. पहिल्यांदाच सापडेना. "हा आमच्याकडे कुणी रंगवलेलाच नाही," त्या म्हणाल्या.

खायची परवानगी नव्हती. काही फळं तपासायला गेली, उरलेली नष्ट केली. मॅडमनी फोड नाकाजवळ नेऊन डोळे मिटले. "वासाला परवानगी लागत नाही ना?" त्यांनी मलाच विचारलं.

त्याच आठवड्यात त्यांचे वडील आले होते. म्हातारे झाले होते, ऐकू कमी यायचं. बोटांच्या कडांना निळा रंग कायमचा बसलेला. लेकीने काढलेला फोटो त्यांनी डोळ्यांशी नेऊन पाहिला आणि एकच विचारलं, "कच्चा है कि पक्का?" म्हणजे धुतल्यावर जाणार की राहणार. मॅडम हसता हसता रडायला लागल्या. आम्हाला म्हणाल्या, "प्रकल्प मंजूर करताना तज्ज्ञांच्या समितीनं तीन तास घेतले, पण हा प्रश्न कुणी विचारला नाही." पुढल्या वर्षी त्याच झाडाच्या पिलाला, म्हणजे बुंध्याशी फुटलेल्या कोंबाला घड लागला. तोही केशरीच निघाला. मॅडमनी तिथल्या तिथे धुळ्याला फोन लावला आणि ऐकू जावं म्हणून जाळीघर दणाणून जाईल अशा आवाजात ओरडल्या, "अब्बा, पक्का है!"

नंतर प्रकल्पाची मुदत संपली. वाढवून मिळावी म्हणून मॅडमनी पत्रं लिहिली, दिल्लीच्या दोन फेऱ्या केल्या. ही झाडं उघड्या शेतात लावून बघायची परवानगी मिळत नव्हती, आणि ती नाही म्हणून पुढचा निधी नाही. यात कुणी दुष्ट नव्हतं. प्रत्येक टेबलामागचा माणूस नीट बोलला. मग पत्र आलं की प्रकल्प बंद करावा, सर्व झाडं, पिलं आणि कल्चर नष्ट करून तसा अहवाल द्यावा.

तीन दिवस आम्ही ते काम करत होतो. मॅडमनी मजूर लावू दिले नाहीत. कोयता त्यांनी हातात घेतला. झाड कापायचं, कंद खणून काढायचा, तुकडे करायचे, मोठ्या कुकरमध्ये वाफेत शिजवायचे, मग जाळायचे. केळीचा रस कपड्यांवर पडला की त्याचे काळे डाग जात नाहीत. तिसऱ्या दिवशी मॅडमचा पांढरा कोट गळ्यापर्यंत काळपट झाला होता. प्रत्येक झाडापुढे त्या वहीत खूण करायच्या, मोठ्याने नंबर वाचायच्या आणि मी "हो" म्हणायचं.

सतरा नंबरच्या वेळी मी "हो" म्हटलं आणि ते खोटं होतं.

मी रावेरकडची, केळीवाल्यांच्या घरातली. उभी बाग वादळाने आडवी झालेली मी लहानपणापासून पाहिली आहे, पण चांगलं झाड माणसाने आपल्या हाताने तोडलेलं माझ्याने पाहवलं नाही. सतराच्या बुंध्याला तीन पिलं होती. त्यातलं मुठीएवढं एक मी ओल्या फडक्यात गुंडाळून डब्याच्या पिशवीत टाकलं. मला वाटलं, कधीतरी परवानगी मिळेल, मग मी मॅडमना हे झाड दाखवीन आणि त्या किती खूश होतील. खरंच मला एवढंच वाटलं होतं. गावी जाऊन गोठ्यामागे, नळाच्या सांडपाण्यावर ते लावलं. प्रल्हाददादाला, माझ्या थोरल्या भावाला, सगळं सांगितलं. तो म्हणाला, "एक झाड तं आहे. राहू दे."

दोन महिन्यांनी मॅडम शेवटचा अहवाल लिहायला बसल्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "वैशाली, सतराची पिलं किती होती?"

"दोन," मी म्हटलं. आणि घाबरून पुढे बोलून गेले, "साधारण दोन."

त्यांचं पेन थांबलं. चौदा वर्षांत तो शब्द मी त्यांच्यासमोर उच्चारला नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि वही मिटली.

त्या रविवारी मी गावी होते, आणि मॅडम तिथे आल्या. न कळवता, एसटीने, हातात रिकामी गोणी. मायने त्यांना ओट्यावर बसवलं. "बस वं बाई, उन्हाची आली," म्हणत पाणी दिलं, चहा केला. मॅडमनी चहा घेतला, मायच्या गुडघ्यांची चौकशी केली. दादाने बाग दाखवली, ती त्यांनी मन लावून पाहिली. मग त्या परत आल्या आणि माझ्यापुढे उभ्या राहिल्या. "चल. कुठे आहे ते दाखव."

मी त्यांना गोठ्यामागे नेलं. झाड कमरेएवढं झालं होतं. मॅडम त्याच्यापुढे उभ्या राहिल्या आणि त्यांनी एका पानावरची धूळ ओढणीने पुसली. मग दादाला म्हणाल्या, "प्रल्हादभाऊ, कुदळ द्या."

दादा म्हणाला, "मॅडम, हजारो खोडांत हे एक. कोन वळखनार? तुमचीच मेहनत आहे, काहून मारता?"

"उद्या नाल्याला पूर आला आणि याचं पिलू वाहत जाऊन दुसऱ्याच्या बांधाला लागलं, तर मी कुणाकुणाला सांगत फिरू ते काय आहे म्हणून?"

"चांगलंच तं आहे ना ते! पोरायच्या डोळ्यांसाठीच केलं ना तुम्ही?"

"चांगलं आहे असं मला वाटतं, भाऊ. वाटणं आणि माहीत असणं वेगळं. तपासायचं अजून निम्मं राहिलंय. ज्या पोरांसाठी केलं त्यांच्याच पोटात घालून बघू का, काय होतं ते?"

दादा आत गेला. कुदळ आणून स्वतःच खणायला लागला, तर मॅडमनी ती त्याच्या हातातून घेतली. साठीच्या जवळ आलेली बाई, दम लागत होता, तरी मुळं तुटू न देता खोलवर खणलं. मातीसकट सगळं गोणीत भरलं. खड्ड्यातली माती बोटांनी चाळून पाहिली. माय दाराआडून बघत होती आणि डोळ्यांना पदर लावत होती. तिला काहीच कळलं नव्हतं, फक्त एवढं कळलं होतं की या बाईचं काहीतरी मेलं आहे.

जळगावपर्यंत एसटीत मॅडमनी ती गोणी मांडीवर घेतली होती. मी शेजारी. भुसावळ आलं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "पान किती छान निघालं होतं नाही?"

अहवालात त्यांनी लिहिलं, 'एक पिलू माझ्या देखरेखीतल्या ढिलाईमुळे बाहेर गेलं, ते परत आणून नष्ट केलं आहे.' ते वाचून मी त्यांच्या पाया पडले. म्हटलं, माझं नाव लिहा. त्या म्हणाल्या, "तुला दोन मुली आहेत. आणि चावी माझ्याकडे होती, ढिलाई माझीच." लिहिलं नसतं तर कुणाला कधी कळलं नसतं. पण लिहिलं, आणि चौकशी झाली. असं काम पुन्हा त्यांच्याकडे द्यायचं नाही असं ठरलं. जाळीघराच्या चाव्या त्यांनी कार्यालयात जमा केल्या आणि पोचपावती घेतली. नोकरीची शेवटची तीन वर्षं त्यांना नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांना सूक्ष्मदर्शक हाताळायला शिकवायचं काम होतं. ते त्या तितक्याच काटेकोरपणे करायच्या. फक्त नोंदवहीत आता त्या थेट 'फिकट हिरवा' लिहायच्या. खोडायला लागायचं नाही.

माझ्याशी त्या कधीच वाईट वागल्या नाहीत. त्याचाच त्रास जास्त झाला. रागावल्या असत्या तर मी रडून मोकळी झाले असते. त्या विषयावर आमच्यात पुन्हा बोलणं झालं नाही, आणि निवृत्त होऊन त्या धुळ्याला गेल्या.

पुढे त्यांची मूत्रपिंडं निकामी झाल्याचं कळलं. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. मी भेटायला गेले तो मंगळवार होता. त्यानंतर सोळा दिवसांनी त्या गेल्या, म्हणजे ती आमची शेवटची भेट. दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर त्या नंबरची वाट बघत बसल्या होत्या. अंगाने अर्ध्या राहिलेल्या, हातावर सुयांचे जांभळे डाग. मला जवळ बसवून घेतलं, मुलींचं विचारलं, दादाच्या बागेचं विचारलं. दादाचं नाव निघालं आणि इतक्या वर्षांचं राहून गेलेलं माझ्या तोंडून बाहेर पडलं.

"मॅडम, माझ्यामुळे तुमचं सगळं गेलं. मला माफ करा."

त्यांनी माझा हात हातात घेतला. हात थंड होता. म्हणाल्या, "त्या रविवारी मी इतकी सरळ तुमच्या गावी कशी आले, तुला कधी प्रश्न नाही पडला? तुला विचारलं नाही, कपाटं शोधली नाहीत. सरळ आले."

मी नकारार्थी मान हलवली.

"कारण मला माहीत होतं माणूस काय करतं ते. कापायला सुरुवात करायच्या आदल्या दिवशी मीच एक काढलं होतं. नऊ नंबरचं. ओल्या कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवलं. अब्बांच्या घरामागे लावणार होते. जळगाव स्टँडवर जाऊन बसले."

"मग?"

"बस आली नाही. अर्धा तास उशीर होता. तेवढ्या वेळात मला शहाणपण सुचलं आणि मी उठून ते परत जाळीघरात घेऊन गेले. पण वैशाली, ती बस वेळेवर आली असती ना..."

आतून परिचारिकेने त्यांचं नाव पुकारलं. त्यांनी वाक्य तिथेच सोडलं. माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठल्या. मी सोबत यायला निघाले, तर हाताने मला थांबवलं, ओढणी डोक्यावर नीट घेतली आणि भिंतीला धरून एकेक पाऊल टाकत आत गेल्या.